लंकेस जावे तरी कोणत्या ऋतूत?

गेल्या काही वर्षांत आमच्या मित्रमंडळींपैकी पुष्कळांचा ओढा श्रीलंकेकडे वळला आहे. कोणी वैद्य तेथील देशी चिकित्सा पाहावयास निघतात, कोणी औषधी दुकानदार अस्सल दालचिनी डोळ्यांनी पाहून भाव काढावा म्हणून निघतात, आणि दवाखान्यात येणारे सधन रुग्ण तर ‘तिकडे जाऊन पंचकर्म करून घेऊ का?’ असे उठता उठता विचारतात. तिघांचाही पहिला प्रश्न एकच असतो : कोणता महिना चांगला? मुंबईहून कोलंबोस विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे हा प्रश्न ओसरीवरून अंगणात उतरण्याइतका सोपा वाटतो. आम्हीही एकेकाळी त्याचे उत्तर एका वाक्यात देत असू. त्या एका वाक्याची किंमत आमच्या एका रुग्ण भगिनीस मोजावी लागली. म्हणून हा लेखप्रपंच.

गोष्ट २०१७ सालची. भगिनींचे वय अठ्ठावन्न, आमवाताची जुनी व्याधी, पथ्य आणि औषध यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आलेली. परदेशी असलेल्या मुलाने आईला श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एका निवासी चिकित्साकेंद्रात एकवीस दिवसांसाठी पाठवावयाचे ठरविले. मे महिन्यात तेथे दरात मोठी सवलत होती. त्या आम्हांस विचारावयास आल्या. आम्ही मनातल्या मनात हिशेब केला : मे संपता संपता तिकडे पाऊस लागतो, वर्षा ऋतू हा बस्तीचा काल, केरळात कर्किटक मासात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, चिकित्सा घेण्याची मोठी परंपरा आहे, तेव्हा हरकत कसली? ‘अवश्य जा,’ असे आम्ही म्हणालो.

मेच्या मध्यास त्या पुण्याच्या ऐन ग्रीष्मातून निघाल्या. पहिले आठ दिवस घाम न वाळणाऱ्या दमट उकाड्याचे गेले. नंतर पाऊस असा कोसळला की मेअखेरच्या त्या पुरांत आणि दरडींत त्या देशात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या केंद्रास प्रत्यक्ष धोका झाला नाही. परंतु रस्ते तुटले, ताजी भाजी येईना, अंथरूण-पांघरूण ओलसर, भूक नाहीशी, जिभेवर पांढरा थर. आणि अशा स्थितीत रोजचे स्नेहन मात्र ठरल्याप्रमाणे चालू. परत आल्या तेव्हा दोन्ही गुडघे आणि मनगटे सुजलेली होती. पूर्वस्थितीस येण्यास चार महिने लागले. पहिल्या दिवशी खुर्चीत सावरून बसताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘वैद्यबुवा, पावसात बस्ती चांगली असे तुम्हीच म्हणाला होतात ना?’

सामावस्थेत स्नेहन चालू ठेवले हा केंद्रचालकांचा प्रमाद खरा. पण त्या महिन्यात, त्या किनाऱ्यावर, त्या प्रकृतीच्या रुग्णास जाऊ दिले हा आमचा. आम्ही पुण्याचा ऋतू लंकेस लावला होता आणि केरळचा श्रावण लंकेच्या वैशाखास. त्यानंतर हा विषय आम्ही मुळापासून पाहिला. त्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर तीनदा तिकडे जाणे झाले. त्यांतून जे हाती लागले ते वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

सूर्याचे नव्हे, वाऱ्याचे ऋतू

आपली ऋतुचर्या आदान आणि विसर्ग या दोन कालांवर उभी आहे. सूर्य उत्तरेस सरकतो तसे बल क्षीण होते, दक्षिणेस सरकतो तसे वाढते. ही मांडणी ज्या भूमीत झाली तेथे हिवाळ्याची रात्र लांब असते आणि उन्हाळ्याचा दिवस मोठा असतो. श्रीलंका विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ६ ते १० अंशांच्या दरम्यान आहे. तेथे वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाभराच्या आसपासच अंतर पडते. कोलंबोत सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा एप्रिलच्या आरंभी आणि पुन्हा सप्टेंबरच्या आरंभी. तेथील सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास असते आणि सर्वांत उष्ण महिना व सर्वांत शीत महिना यांच्या सरासरीत फरक असतो तो दोनएक अंशांचा. मग अशा देशात शिशिर कोणता आणि ग्रीष्म कोणता? थंडी हवी असेल तर ती महिन्याने येत नाही, घाट चढल्याने येते. १,८६८ मीटर उंचीवरील नुवारा एलियाचे सरासरी तापमान १६ अंशांच्या घरात आहे. सकाळी कोलंबोत घामाने चिंब झालेला प्रवासी संध्याकाळी तेथे पांघरूण मागतो.

तात्पर्य, तेथील ऋतू सूर्य ठरवीत नाही. वारा आणि पाणी ठरवितात. आणि वारा एक नाही, दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर आणि मध्य डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पाडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारा उत्तर आणि पूर्व भागांस भिजवितो. मधले दोन काल संधीचे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या वळवासारखा दुपारचा गडगडाटी पाऊस येतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर जवळजवळ संपूर्ण बेटावर पाऊस पडतो. तेथील शेतकरी आपल्या दोन हंगामांस ‘यल’ आणि ‘महा’ म्हणतो; यल नैर्ऋत्य वाऱ्याचा, महा ईशान्येचा.

महाराष्ट्रातील वाचकांस हे समजण्यास सोपे जावे, कारण सह्याद्री आपल्या परसात आहे. महाबळेश्वर भिजते आणि दहा-वीस कोसांवर वाई-फलटणकडे आभाळ कोरडे होत जाते, हे आपण लहानपणापासून पाहतो. लंकेच्या मधोमध असाच डोंगर आहे. भेद इतकाच की, सह्याद्रीची कोरडी सावली प्रायः एकाच बाजूस, देशावर पडते. लंकेच्या डोंगराची सावली पाळीपाळीने दोन्ही बाजूंस पडते. जुलैत गॉल आणि रत्नपुर येथे संततधार असताना त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर ऊन रणरणत असते. डिसेंबरात नेमके उलट. पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाकाठी ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस आहे, तर वायव्य आणि आग्नेय टोकांस १,००० मिलीमीटरही होत नाही. म्हणजे ज्यास आपण ‘आनूप देश’ म्हणून एका शब्दात उरकतो, त्या ६५,६१० चौरस किलोमीटरच्या बेटात आनूप, साधारण आणि जांगल हे तिन्ही देश नांदतात. आणि ते वाऱ्यागणिक आपला स्वभाव बदलतात.

याचा चांगला दाखला चहाचा. पूर्व उतारावरील उवा प्रांताचा उत्तम चहा जुलै ते सप्टेंबरात निघतो, कारण तेव्हा तेथे कोरडा वारा वाहतो. पश्चिम उतारावरील डिंबुलाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, कारण तेव्हा कोरडी बाजू ती असते. वनस्पती एक, डोंगर एक, आणि रसाचा परमोत्कर्ष सहा महिन्यांच्या अंतराने! चहाच्या व्यापाऱ्यास हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्ही वैद्य मात्र ‘श्रीलंकेतील हवामान’ असे एकवचनी बोलतो.

आमचे आचार्य यास अपवाद होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत ऋतूंच्या दोन मांडण्या आहेत; एकीत शिशिर आहे, दुसरीत त्याऐवजी प्रावृट् आहे. टीकाकार डल्हणाने तेथे काश्यपाचे मत दिले आहे. गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक म्हणून तेथे प्रावृट् आणि वर्षा असे दोन ऋतू कल्पिले, आणि उत्तरेस हिमालयाच्या सान्निध्याने थंडी अधिक म्हणून तेथे हेमंत आणि शिशिर, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ऋतू देशपरत्वे मोजावयाचा, हे त्यांस मान्यच होते. याच रीतीने आणखी दक्षिणेस, समुद्रापलीकडे मोजू लागलो तर काय हाती येते, तो हिशेब प्रत्येक पिढीच्या वैद्याने स्वतः करावयाचा आहे.

आमचे चार प्रवास

पहिला प्रवास २०११ च्या दिवाळीच्या सुट्टीत झाला. तो काल सर्वांत वाईट, हे आता कळते. दवाखाना बंद, मुलांस सुट्टी, विमानाचे तिकीट मिळते. बस्स, एवढ्याच विचाराने महाराष्ट्रातील निम्मी कुटुंबे दिवाळीत निघतात आणि आम्हीही निघालो. आपल्याकडे तो शरद-हेमंताचा संधी, आकाश स्वच्छ. तेथे मात्र सकाळी ऊन आणि दुपारी तीनच्या ठोक्यास ढगफुटी. त्यातच बंगालच्या उपसागरातील वादळांचे हे दिवस. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वाह चक्रीवादळाने त्या देशात शेकडो बळी घेतले आणि मध्य डोंगरात दरडींनी गावे गाडली, ते हेच पर्व. आमच्या प्रवासात वादळ आले नाही, पण सर्दी-खोकला सर्वांस झाला. उतरलो होतो त्या घरच्या माउलीने ‘पस्पंगुव’ नावाचा काढा करून दिला. धने, सुंठ, रिंगणी, पर्पटक म्हणून तिकडे चालणारी वनस्पती आणि वेनिवेल, म्हणजे आपल्या बाजारात दारुहळदीच्या जागी येणारे ते पिवळे काष्ठ. अशी ही पाच द्रव्ये. पावसाळी ज्वर-प्रतिश्यायावर तिकडे घरोघर हाच काढा चालतो. असो, काढा शिकावयास मिळाला, हा त्या सहलीचा लाभ.

दुसरा लाभ होता होता हुकला. तेथे ‘कोथला हिंबुटु’ नावाच्या वेलीच्या लाकडाचे पेले मिळतात. रात्री त्यात पाणी ठेवून सकाळी प्रमेही रुग्णास देतात, अगदी आपल्या बिवळ्याच्या पेल्यासारखे. आम्ही मोठ्या हौसेने सहा घेतले. नोव्हेंबरच्या ओल्या हवेत ते लाकूड पाणी धरून होते. पुण्याच्या मार्चात सहापैकी चार उभे तडकले, उरलेल्या दोहोंस आतून बुरशी. औषधी दुकानदार मित्रांनी हे ध्यानात ठेवावे : आर्द्र ऋतूत केलेली काष्ठौषधींची खरेदी वजनास जड आणि टिकावयास हलकी.

दुसरा प्रवास फेब्रुवारी २०१८ चा, वर सांगितलेल्या प्रसंगानंतरचा. या वेळी सर्व चौकशी करून गेलो. नैर्ऋत्य किनाऱ्यास तो काल खरोखरच रम्य. समुद्र शांत, पाऊस तुरळक, रात्री सुसह्य. श्रीपाद पर्वताची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालते. २,२४३ मीटरच्या त्या शिखरावर पहाटे पोहोचलो तेव्हा आकाशात एक ढग नव्हता. परंतु आमचे मुख्य काम होते दालचिनीचे, आणि ते फसले. गॉल जिल्ह्यातील एका मळ्यात आम्ही सोलणी पाहावयास गेलो. सोलणाऱ्याने आमच्या आग्रहास्तव एक फांदी तोडली, वरची साल खरवडली, पितळी कांडीने घासली, चीर दिली; पण अंतर्साल लाकूड सोडीना. तुकडे पडू लागले. तो हसून म्हणाला, ‘आता झाड घट्ट आहे. पाऊस पडल्यावर या.’

तेव्हा तिसरा प्रवास जुलैत केला, २०१९ साली. प्रवासी त्या किनाऱ्याकडे पाठ फिरवितात तोच हा काल. दालचिनीस पावसानंतर नवी तांबूस पालवी फुटते. ती हिरवी होऊ लागली, झाडात रस खेळू लागला, की साल लाकडापासून सुटते. त्याच माणसाने त्याच पितळी कांडीने या वेळी साल अशी सोडविली की जणू केळीचे सोपट. पातळ सालीत सालींचे लहान तुकडे भरून त्याने लांब नळी वळली, आणि ती छपराखाली दोऱ्यांवर टाकली, उन्हात नव्हे. बाजारात जाणाऱ्या नळीची लांबी ठरलेली असते, ४२ इंच. सर्वांत बारीक प्रतीस ‘अल्बा’ म्हणतात. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, एकाच वळीची, तिखट साल येते ती बहुधा कॅशिया असते. सितोपलादीत त्वक् एकच भाग पडते हे खरे, पण तो एक भाग कोणत्या झाडाचा आणि कोणत्या ऋतूत सोलला, हे दुकानदाराने विचारीत जावे. ‘सिलोन सिनॅमन’ या नावास २०२२ साली युरोपीय संघाची भौगोलिक मानांकनाची मान्यता मिळाली आहे, त्यामुळे अस्सल मालाचा माग काढणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

चरकाने कल्पस्थानात औषधिसंग्रहाचे काल सांगताना त्वक्, कंद आणि क्षीर शरदात घ्यावे असे म्हटले आहे. लंकेतील मळेवाला जुलैत सोलतो. वरकरणी हा विरोध दिसतो. आमच्या मते विरोध नाही. पावसाने पोसलेला रस सालीपर्यंत येऊन पोहोचला आहे अशी स्थिती आपल्याकडे शरदात येते, तिकडे वाऱ्याच्या पाळीनुसार दोनदा येते. नियम स्थितीचा आहे. महिना हे त्या स्थितीचे आपल्याकडील नाव. मात्र हे आमचे अनुमान आहे, ज्येष्ठांनी यावर लिहावे.

त्याच जुलैत आम्ही डोंगर ओलांडून कोरड्या बाजूस गेलो. मिहिंतलेच्या पायथ्याशी नवव्या शतकातील रुग्णालयाचे अवशेष आहेत. मध्ये अंगण, भोवती खोल्यांची रांग, आणि दगडात कोरलेली माणसाच्या आकाराची द्रोणी, रुग्णास तेलात किंवा काढ्यात निजविण्यासाठी. अवगाहाचे वर्णन आपण सर्वांनी पाठ केले आहे. तो पाषाण पाहून मात्र पाठांतराला शरीर मिळते. पोलोन्नरुवा येथे बाराव्या शतकातील पहिल्या पराक्रमबाहूच्या काळचे रुग्णालय आहे. गॉलला छत्रीखाली काढलेले दिवस विसरून येथे आम्ही कोरड्या पायांनी चार दिवस हिंडलो. ज्यांस मुख्यतः ही स्थाने पाहावयाची आहेत, त्यांनी जून ते ऑगस्ट निवडावा. केवळ ज्येष्ठ पौर्णिमेस, जिला तिकडे ‘पोसोन’ म्हणतात, मिहिंतलेस लाखो यात्रेकरू असतात एवढे सांभाळावे.

पण कोरडे म्हणजे हितकर नव्हे. पूर्व किनाऱ्यावर याच दिवसांत डोंगरावरून उतरणारा ‘कच्चान’ नावाचा तप्त, रूक्ष वारा वाहतो. बट्टिकलोआस दोन दिवसांत आमचे ओठ फुटले आणि झोप उडाली. पर्यटकांच्या पत्रकात हा काल ‘निरभ्र’ म्हणून रंगविलेला असतो. वातपित्तप्रकृतीच्या रुग्णास आम्ही तेथे जुलैत पाठविणार नाही, आकाश कितीही निळे असो.

चौथा प्रवास एप्रिल २०२४ चा. १३-१४ एप्रिलला सूर्य मेषेत येतो तेव्हा तेथील सिंहली आणि तमिळ समाज नववर्ष साजरे करतो. चूल पेटविण्यापासून प्रत्येक कृत्यास मुहूर्त असतो, आणि त्यांत एक मुहूर्त केवळ डोक्यास तेल लावण्याचा असतो! डोक्यावर आणि पायांखाली वनस्पतींची पाने धरून घरातील वा विहारातील ज्येष्ठ व्यक्ती औषधी तेल लावते, मग स्नान. शिरोऽभ्यंगाचा असा राष्ट्रीय दिवस आमच्या पाहण्यात दुसरा नाही. वैद्याने एकदा तरी तो पाहावा. मात्र त्या आठवड्यात दुकाने बंद, कारागीर गावी गेलेले, आणि दुपारी उकाडा असह्य. खरेदीस जाल तर हात हलवीत परत याल.

जंगलाविषयी दोन शब्द. सिंहराज अरण्यात पावसात जाणाऱ्यास जळवा चिकटतात. आमच्यातील एका तरुण वैद्याने त्यांत सुश्रुतोक्त निर्विष जलौका शोधण्याचा उत्साह दाखविला. दहा मिनिटांत तो मावळला. कोरड्या पंधरवड्यात जावे हे उत्तम. कोणत्याही वनस्पतीचे ओले वा सुके नमुने परवान्यावाचून आणू नयेत. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली विमानतळावर ते अडवितात, आणि ते योग्यच आहे.

रुग्णास काय सांगावे

येथे मात्र थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण सहल फसली तर पैसे जातात, रुग्ण फसला तर वर्ष जाते.

संशोधनासाठी साधारण ऋतू निवडावा, अतिशीत, अत्युष्ण आणि अतिवृष्टीचा काल टाळावा, हे चरकाचे वचन सर्वांस ठाऊक आहे. आत्ययिक प्रसंगी ऋतूच्या विपरीत गुण कृत्रिम रीतीने निर्माण करून चिकित्सा करावी, अशी मुभाही तेथेच दिली आहे. आजची चिकित्साकेंद्रे वातानुकूलित खोली म्हणजेच ते कृत्रिम गुणोपधान असे समजतात. स्नेहस्वेदानंतर रुग्णास १८ अंशांच्या खोलीत निजविणे यास आम्ही गुणोपधान म्हणावयास तयार नाही. तेव्हा नैसर्गिक साधारण काल शोधणे आले. नैर्ऋत्य किनाऱ्यास, जेथे बहुतेक केंद्रे आहेत, तो जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध असा आम्हांस वाटतो.

पण येथेही एक खोच आहे. जानेवारीत आपला रुग्ण शिशिरातून निघतो. अग्नी प्रदीप्त असतो. बाजरी, तीळ, उडीद पचवीत असतो. अडीच तासांनी तो तीस अंशांच्या दमट हवेत उतरतो. वाग्भटाने ऋतुसंधी चौदा दिवसांचा सांगितला, जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात. त्यात पूर्वचर्या हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी. विमानाने हा संधी गिळून टाकला आहे. पूर्वीचा प्रवासी गलबताने किंवा पायी जात असे तेव्हा वाटच ऋतुसंधी पाळून घेई. आता तो वैद्याने पाळून घ्यावा लागेल. आम्ही सांप्रत असे करतो : निघण्यापूर्वी सात दिवस गुरु आणि स्निग्ध आहार पायरीपायरीने उतरवितो, भात व मुगाकडे आणतो, आणि पोहोचल्यावर पहिले पाच ते सात दिवस कोणतेही शोधन नाही, केवळ लघु आहार, विश्रांती आणि भुकेची नोंद. केंद्राचे वेळापत्रक याला तयार नसेल तर जाणे रद्द. एकवीस दिवसांच्या पैशांत चौदा दिवसांची चिकित्सा मिळते म्हणून नातेवाईक कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

मे मात्र, आमवात, श्वास आणि शोथ यांच्या रुग्णांस, आम्ही सर्वस्वी वर्ज्य मानतो. केरळच्या कर्किटकाशी त्याची तुलना करू नये. कर्किटकात पाऊस स्थिरावून दोन महिने होत आलेले असतात, हवा निवलेली असते, शरीर त्यास सरावलेले असते. मे हा लंकेत पावसाच्या प्रारंभाचा क्षोभकाल. जून-जुलैत आणखी एक भय डेंग्यूचे. ज्या २०१७ साली आमच्या भगिनी गेल्या, त्या वर्षी तेथे १ लाख ८० हजारांहून अधिक डेंग्यूरुग्णांची नोंद झाली. मोसमी पावसामागोमाग, जूनच्या सुमारास आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत, ही साथ उचल खाते. जानेवारीतल्या प्रवाशानेही मच्छरदाणी सोडू नये. हिवतापाची चिंता तुलनेने कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्या देशास हिवतापमुक्त घोषित केले.

त्या भगिनी गेल्या वर्षी पुन्हा दवाखान्यात आल्या. मुलाचा आग्रह अद्याप टळलेला नाही. या वेळी तिकिटे फेब्रुवारीची होती. आम्ही केंद्र किनाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे ते नकाशावर पाहिले, तेथील वैद्यांस पत्र लिहून पहिले सात दिवस शोधन करणार नाही असे लेखी मागविले, नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग होकार दिला. त्या उठताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाजरीची भाकरी मात्र कोणत्या तारखेपासून बंद, ते एका कागदावर लिहून द्या. तोंडी नको.’ आम्ही लिहून दिले.